क्रोशाचा रुमाल : विणावा कसा आणि वाचावा कसा

कोल्हापुरच्या पेठांमधून जीं जुनीं बिऱ्हाडें अद्याप टिकून आहेत, त्यांतील बहुतेकांच्या ट्रंकेच्या तळाशीं पांढऱ्या सुताचे कांहीं वाटोळे रुमाल हमखास निघतात. कोणी तळहाताएवढे, कोणी वीतभर, कोणी तबक झांकेल एवढे. एके काळीं ते रेडिओवर, शिवणयंत्रावर, हळदीकुंकवाच्या तबकांत, आणि कडेला मणी ओंवून दुधाच्या पातेल्यावर विराजत असत. मुलीच्या लग्नांत रुखवताच्या मेजावर त्यांचा मान पहिला. नैवेद्याच्या ताटावरचा रुमाल तर निराळा असे; तो धुऊन वाळविल्याशिवाय त्या कामीं चालत नसे. पुढें रेडिओ गेला, त्याच्या जागीं आलेला दूरचित्रवाणीचा पेटारा सपाट होऊन भिंतीला चिकटला, दूध पिशवींतून शीतकपाटांत जाऊं लागलें, आणि रुमाल ठेवावयास घरांत जागाच उरली नाहीं.

हा सारा बायकांचा फावल्या वेळचा चाळा होता, असें आमचे कांहीं सुशिक्षित स्नेही म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. क्रोशाचा रुमाल हा, आमच्या मतें, सुतानें लिहिलेला एक लहानसा ग्रंथच आहे. त्यांत गणित आहे, विणणारीचा हात त्यांत ओळखूं येतो, आणि ज्यास लिपि अवगत आहे त्यास तो पहिल्या टांक्यापासून शेवटच्या टांक्यापर्यंत वाचतां येतो. म्हणून हें काम नव्यानें शिकूं इच्छिणाऱ्या मुलींना, व मुलांनाही, आमची अशी सूचना आहे कीं, प्रथम अगदीं साधा रुमाल हातानें विणून लिपि शिकून घ्यावी, आणि लागलीच घरांतला जुना रुमाल काढून तो वाचावयास बसावें. आम्हीं स्वतः साठी उलटल्यावर आमच्या कुटुंबाच्या हाताखालीं याच क्रमानें शिकलों.

ही कला आपल्याकडील नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. वात्स्यायनानें गणलेल्या चौसष्ट कलांत 'सूचीवानकर्म' आहे, 'सूत्रक्रीडा' आहे. पण तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांस क्रोशा ठाऊक होता असें कोणी म्हणूं लागल्यास विश्वास ठेवूं नये. क्रोशे हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहान आंकडा. हॉलंडांतील 'पेनेलोपे' नांवाच्या स्त्रियांच्या मासिकांत १८२३ च्या सुमारास या कामाचे नमुने छापलेले आढळतात. १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक कुजून घोर दुष्काळ पडला, तेव्हां जोगिणींच्या मठांतून व घरोघरीं हेंच काम शिकवून कित्येक कुटुंबें जगविलीं गेलीं. म्हणजे ज्यास आपण चाळा म्हणतों तें एका राष्ट्राला उपासमारींत भाकरी देणारें काम होतें. हिंदुस्थानांत तें मिशनरी बायका व मुलींच्या शाळा यांच्या मार्गानें आलें, आणि आपल्या बायकांनीं तें इतकें आपलेंसें केलें कीं त्याचे शब्दही मराठी होऊन बसले : साखळी, खांब, मुका खांब, जाळी, अननस.

आतां साहित्य. नवशिक्यानें बारीक दोऱ्याच्या मोहांत पडूं नये. जुने रुमाल पाहून चाळीस नंबरचा दोरा आणावासा वाटतो. परंतु तो टांका डोळ्यांस दिसतच नाहीं, आणि न दिसणारें अक्षर गिरवितां येत नाहीं. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हें दुकानांत जाण्यापूर्वीं लक्षांत ठेवावें. दहा नंबरचा पांढरा अथवा फिकट रंगाचा सुती दोरा आणि दीड मिलिमीटर जाडीची पोलादी सुई एवढें पुरें. काळा दोरा आरंभीं मुळींच नको. महाद्वार रोडवरील दुकानांतून दोन्ही वस्तु मिळतात. लोकरीवर हात बसवून मग सुताकडे वळावें असें कांहीं जणी सांगतात. परंतु लोकरीचा केंस टांका झांकून टाकतो, म्हणून आम्हांस तें पसंत नाहीं.

सुई उजव्या हातांत बोरूसारखी धरावी. दोरा डाव्या हाताच्या करंगळीभोंवतीं एक वेढा देऊन तर्जनीवरून आणावा. सारें कसब या करंगळींत आहे. दोरा तिच्यांतून सरकत राहिला पाहिजे, पण सैल सुटतां कामा नये. दोऱ्याला एक सरकती गांठ घालून ती सुईवर घ्यावी, सुईच्या आंकड्यानें दोरा पकडून गांठींतून ओढावा, कीं एक साखळी झाली. पहिले दोन दिवस केवळ साखळ्याच घालाव्या. नवशिक्याचा हात हटकून आंवळतो, आणि मग पुढील फेरींत सुई आंत शिरत नाहीं. प्रत्येक साखळींतून सुई विनासायास पुन्हां जाऊं लागली म्हणजे हात बसला असें समजावें. शाळेंत मुळाक्षरें घोंटून घेतांना मुलें कंटाळत, पण ज्यांनीं तीं घोंटलीं त्यांचें अक्षर पुढें वळणदार झालें. येथेंही तोच प्रकार आहे.

साखळी आली कीं आणखी तीनच टांके लागतात. नुसता जोड देणारा, उंची नसलेला, तो मुका टांका. टांक्यांत सुई घालून दोरा वर आणावा, आणि सुईवरच्या दोन्ही फांसांतून एकदमच ओढून घ्यावा, तो मुका खांब. हा बुटका असतो. आणि सुईवर आधीं दोऱ्याचा एक वेढा घेऊन, मग टांक्यांतून दोरा वर आणून, दोन दोन फांस असे दोनदां सोडविले कीं उभा राहतो तो खांब. कांहीं घरांतून हीं नांवें थोडीं निराळीं आहेत. नांवांवरून वाद घालूं नये.

आतां रुमालास हात घालूं. सहा साखळ्या घालून त्यांचें मुक्या टांक्यानें कडें करावें. तीन साखळ्या उभ्या घ्याव्या, त्या एका खांबाच्या जागीं धरल्या जातात. मग त्या कड्यांत आणखी अकरा खांब भरून फेरी जोडावी. झाले बारा. प्रत्येक फेरीचा आरंभ असाच तीन साखळ्यांनीं व शेवट मुक्या टांक्यानें. दुसऱ्या फेरींत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे चोवीस. तिसरींत एकावर एक व पुढच्यावर दोन, म्हणजे छत्तीस. चौथींत दोन खांबांवर एकेक आणि तिसऱ्यावर दोन, झाले अठ्ठेचाळीस. पांचवींत तीन खांबांवर एकेक व चौथ्यावर दोन, झाले साठ. शेवटीं कांठ : दोन खांब सोडून तिसऱ्यावर पांच खांबांचा पंखा, पुन्हां दोन सोडून पुढच्यावर एक मुका खांब, असें फिरत गेलें कीं बरोबर दहा पाकळ्या होतात, एकही खांब उणा अथवा अधिक राहत नाहीं. फुलपात्राखालीं ठेवण्याजोगा हा रुमाल दोन-तीन संध्याकाळांत होतो.

विणणाऱ्या बहुतेक भगिनींस हे आंकडे पाठ असतात. परंतु दर फेरींत बाराच कां वाढवावयाचे, अकरा किंवा पंधरा कां नव्हेत, असें विचारल्यास 'पद्धतच आहे' असें उत्तर मिळतें. आम्हीं आयुष्यभर शाळामास्तरकी केल्यामुळें आम्हांस त्या उत्तरानें चैन पडेना. कारण असें आहे. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या सुमारें दुप्पट असते. एक फेरी वाढली म्हणजे वर्तुळाची त्रिज्या एका खांबाच्या उंचीनें वाढली. परिघ हा व्यासाच्या २२/७ पट, म्हणून त्रिज्येच्या ४४/७ पट. तेव्हां परिघ वाढला तो खांबाच्या उंचीच्या ४४/७ पट, म्हणजेच रुंदीच्या ८८/७ पट. ८८ भागिले ७ म्हणजे बारा पूर्णांक चार सप्तमांश. बारा खांब आले! मुक्या खांबाची उंची व रुंदी जवळजवळ सारखी, म्हणून तेथें सहा पूर्णांक दोन सप्तमांश, म्हणजे सहा. आणि मुक्या खांबाच्या चकतींत दर फेरीस सहाच वाढवितात, हें कोणीही विणणारी सांगेल. उरलेला अपूर्णांक सूत आपल्या अंगच्या लवचिकपणानें गिळून टाकतें.

भास्कराचार्यांनीं लीलावतींत परिघासाठीं दोन प्रमाणें दिलीं आहेत : ३९२७/१२५० हें सूक्ष्म, आणि २२/७ हें व्यवहारापुरतें स्थूल. आमच्या आज्यांना रुमालासाठीं स्थूलच पुरलें, आणि तेंही कोणी न शिकवितां त्यांच्या बोटांना ठाऊक झालें. आणखी एक मौज अशी कीं, ही बाराची वाढ पहिल्या फेरीसही तीच आणि पन्नासाव्या फेरीसही तीच. पृथ्वीच्या विषुववृत्ताभोंवतीं दोरी गुंडाळून ती सर्वत्र एक हात उंच उचलावयाची झाल्यास जेवढी जास्त दोरी लागेल, तेवढीच एका नारिंगाभोंवतालची दोरी एक हात दूर न्यावयास लागते. सव्वासहा हातांहून किंचित् अधिक. वर्गांत हें सांगितलें कीं हुशार मुलेंही मान हलवीत. रुमाल दाखविला असता तर हलविली नसती.

वाढ कमी पडली तर रुमाल वाटीसारखा आंत वळतो. टोपी अशीच करतात. वाढ जास्त झाली तर कडा लाटांसारख्या फुगतात व रुमाल कधींच सपाट बसत नाहीं. हा फुगणारा रुमाल पुढें गणितज्ञांच्याच कामीं आला. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत डायना टाइमिना नांवाच्या लॅटव्हियांत जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनीं १९९७ सालीं, टांके ठराविक संख्येनें न वाढवितां ठराविक प्रमाणांत वाढवीत नेऊन, भूमितींतील एक अवघड पृष्ठ क्रोशानें विणून दाखविलें. त्या पृष्ठावर एका बिंदूंतून एका रेषेस अनेक समांतर रेषा काढतां येतात. कागदाचे नमुने हाताळतांना फाटत. सुताचा नमुना विद्यार्थ्यांच्या हातीं देतां येऊं लागला.

एवढी लिपि आल्यावर जुना रुमाल वाचण्याकडे वळूं. हें आम्हांस सुचलें तें एका अरिष्टानें. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचा महापूर शहरांत शिरला, तेव्हां दुधाळीकडील आमच्या मावसबहिणीच्या घरांत तळमजल्यावर पुरुषभर पाणी होतें. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली. पत्रिका, फोटो, वह्या यांचा लगदा झाला होता. त्यांतच मावशींची विणकामाची वही होती. पन्नास वर्षें त्यांनीं तींत नमुने उतरून ठेविले होते, आणि शाईचा एक निळा डाग तेवढा उरला होता. त्याच ट्रंकेंत तळाशीं मावशींचे रुमाल होते. ते चिखलानें माखलेले होते, दोनांना बुरशीचे डाग पडले होते. पण रिठ्याच्या पाण्यांत तीन दिवस भिजवून धुतल्यावर टांका न् टांका जागेवर होता. कागद गेला आणि सूत राहिलें. बहीण वहीसाठीं डोळ्यांस पदर लावीत होती, तेव्हां आमचें कुटुंब म्हणालें, "वन्सं, वही गेली खरी, पण वहींत होतें तें सारें या रुमालांत आहे कीं!"

त्या रुमालांतील एक आम्हीं घरीं आणून वाचला. रीत अशी. रुमालाखालीं काळा कागद घालावा आणि भिंग घ्यावें. मोबाइलवर छायाचित्र काढून मोठें करून पाहिलें तरी चालतें. प्रथम मधलें कडें, मग पहिल्या फेरीचे खांब. फेरीचा जोड शोधावा. तेथें तीन साखळ्यांचा उभा खांब इतरांहून बारीक व किंचित् तिरका दिसतो. त्या जागीं टांचणी टोंचावी, म्हणजे मोजतांना आपण कोठून निघालों तें हरवत नाहीं. एकेका फेरीची एकेक ओळ वहींत लिहावी. सातव्या-आठव्या फेरीपर्यंत खांबांची संख्या बाराच्या पाढ्यानें जाते आणि मग एकाएकीं पाढा सुटतो. तेथें जाळी अथवा अननस सुरू झाला असें जाणावें. तेथून पुढें सबंध फेरी मोजूं नये. रुमालाचे सहा, आठ, दहा असे सारखे भाग पडलेले असतात. एक भाग नीट मोजला कीं पुरे.

मावशींच्या रुमालांत आठ अननस होते. दोहोंना बुरशीनें भोंकें पाडलीं होतीं. क्रोशाची वीण लोकरीच्या दोन सुयांच्या विणीसारखी एक धागा तुटला कीं उसवत जात नाहीं, प्रत्येक टांका आपल्यापुरता बांधलेला असतो. म्हणून भोंक तेवढ्यापुरतेंच राहिलें होतें. पोथीचें एक पान वाळवीनें खाल्लें असतां दुसऱ्या प्रतींतून पाठ घ्यावा, त्याप्रमाणें शेजारच्या अननसांवरून हरवलेला मजकूर भरून काढला. आमची नात टांचण्या लावीत होती व मोजीत होती. तिला एका अननसांत दहाच्या जागीं अकरा खांब सांपडले. तिचें म्हणणें, नमुनाच तसा असेल. आमच्या कुटुंबाचें म्हणणें, सात ठिकाणीं दहा असतांना आठव्या ठिकाणीं अकरा म्हणजे मावशींचा हात चुकला. पुढल्या फेरींत पाहिलें तों तेथें दोन खांब एकांत गुंफून मावशींनीं हिशेब गुपचूप सांवरून घेतला होता! मावशींना जाऊन वीस वर्षें झालीं. त्या दिवशीं त्या समोर बसून विणीत आहेत असें आम्हां तिघांसही वाटलें. नव्या वहींत आम्हीं दहा खांबांचाच पाठ घेतला आणि खालीं टीप दिली.

मोबाइलवरील चित्रफिती पाहून कोणासही हल्लीं क्रोशा शिकतां येतो, आणि त्या शिक्षणास आमची ना नाहीं. साखळी कशी घालावी हें चित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें आमच्या लेखांत दिसणार नाहीं. पण चित्रफितींत मावशींचा रुमाल नसतो. तो ज्या एका घरीं आहे तेथेंच आहे, आणि घर पाडून सदनिका बांधावयाच्या वेळीं ट्रंक भंगारवाल्याकडे गेली कीं संपला.

'फावल्या वेळचा चाळा' या शब्दांनीं किती नुकसान होतें, याचें एक उदाहरण आपल्याच देशांत आहे. आंध्रांतील पश्चिम गोदावरी जिल्ह्यांत नरसापूर म्हणून गांव आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथें मिशनऱ्यांनीं बायकांस क्रोशा शिकविला, आणि त्या टापूंतील खेड्यापाड्यांतल्या हजारों बायका तो विणूं लागल्या. त्यांचा माल परदेशीं जाऊं लागला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं तेथें राहून अभ्यास केला व १९८२ सालीं नरसापूरच्या विणणाऱ्यांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांनीं दाखवून दिलें तें असें कीं, या बायका घरकाम संभाळून दिवसाचे कित्येक तास विणीत, परंतु त्या 'गृहिणी' आहेत, हें त्यांचें रिकाम्या वेळचें काम आहे, असें सर्वांनीं, कित्येकदां त्यांनीं स्वतःही, धरून चालल्यामुळें त्यांस मजुरी नांवालाच मिळे, आणि नफा दलाल व निर्यातदार यांच्याकडे जाई. २०२४ सालीं नरसापूरच्या या कामास भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें मालाचें नांव राखलें जाईल. विणणारीच्या हातांत काय पडेल तो प्रश्न निराळा.

हें सांगण्याचें कारण असें कीं, क्रोशा विणणारें यंत्र बाजारांत आलेलें नाहीं. यंत्रावर होते ती त्याची नक्कल, तिची वीण निराळी असते. दुकानांत हातचा क्रोशाचा रुमाल थोडक्या पैशांत मिळाला तर आपण स्वस्त घेतला असें समजून आनंद मानूं नये; कोणाच्या तरी दोन-तीन संध्याकाळांचे पैसे त्यांत दिलेले नसतात. वर सांगितलेला लहान रुमाल ज्यानें एकदां स्वतः विणला, तो भाव करतांना आपोआप घुटमळतो, असा आमचा अनुभव आहे.

विणून झालेला रुमाल, अथवा ट्रंकेंतून काढलेला, नीट बसवावा कसा तें सांगून हें लिखाण पुरें करतों. रिठ्याच्या कोमट पाण्यांत भिजवून हलक्या हातानें दाबावा, पिळूं नये. तांदळाची पातळ खळ करून ती गाळून घ्यावी व रुमाल तींत बुडवून काढावा. पाटावर स्वच्छ फडकें पसरून मधल्या कड्यापासून बाहेर टांचण्या लावीत यावें. समोरासमोरच्या पाकळ्या एकाच वेळीं ताणाव्या, नाहींतर वर्तुळ एका अंगाला झुकतें. टांचण्या गंजक्या नसाव्या. सावलींत वाळवावा. ठेवतांना घडी घालूं नये, घडीवरच दोरा आधीं तुटतो; जुन्या धुतलेल्या मऊ धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून सुरळी करावी.

आणि पाठीमागच्या बाजूस, कांठाच्या आंत, सुती फितीचा बोटभर तुकडा दोन टांक्यांनीं अडकवून त्यावर न पुसणाऱ्या शाईनें विणणारीचें नांव व साल लिहावें. आमच्या घरीं एकंदर नऊ जुने रुमाल निघाले. घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारून, जुन्या फोटोंतील मेजें पाहून, हाताची ठेवण ताडून, चार रुमालांचीं नांवें आजवर लागलीं. उरलेल्या पांचांच्या फितीवर सध्यां नुसती फेऱ्यांची संख्या लिहिली आहे, आणि नांवासाठीं जागा सोडली आहे.